कुत्रं लई भुंकतंय, डॉक्टरबाई!

बारामतीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या यांचंच चालतं. कुत्र्याची तक्रार घेऊन मुद्दाम कुणी येत नाही. गाईचं औषध पिशवीत टाकून, चप्पल पायात सरकवता सरकवता माणूस मागं वळतो, "बरं का डॉक्टरबाई, आमचं कुत्रं लई भुंकतंय. त्येला एखादी गोळी न्हाय का?"

अशी गोळी नाही. म्हणून मी त्याला परत बसवते आणि विचारते, कुणावर भुंकतं? कधी भुंकतं? आणि भुंकलं की तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नातून घरादाराचं इतकं काही बाहेर पडतं, की माझ्या कपाटातली औषधं संपतात, पण डोक्यात किस्से वाढतच राहतात.

*

पणदऱ्याला एक तात्या आहेत. दारात गोठा, बाजूला ऊस, आणि फाटकापाशी टायगर नावाचं गावठी कुत्रं. आजारी गाय बघायला मी गेले, तर टायगर जो सुरू झाला तो थांबेना. तात्या गोठ्यातूनच गरजले, "ए हाड! गप! गप म्हणतो न्हवं!"

टायगरनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि दुप्पट जोरानं भुंकायला लागला.

"तात्या, तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, मालकही आपल्याबरोबर भुंकतोय. त्याला चेव चढतो."

तात्या गोठ्याबाहेर आले. मी म्हटलं, "कुणी आलं की खबर देणं हे त्याचं काम. ते त्यानं केलं. आता तुमचं काम, उठून जायचं आणि कोण आलंय ते बघायचं. मग हळू आवाजात नुसतं 'बास' म्हणा. गप्प झाला की लगेच भाकरीचा तुकडा द्या. तुम्ही बघितलं हे कळेपर्यंत तो कशाला थांबेल?"

"म्हंजी म्या वरडायचंच न्हाय?"

"अजिबात नाही."

शेण भरत असलेल्या काकूंनी पाटी खाली ठेवली. "बाई, कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या. एवढंच ह्यास्नी परत एकदा सांगा!"

*

दवाखान्यात माझ्या हाताखाली शकीलभाई आहेत. त्यांच्या भावाचं इंदापूरला किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीवर मोती. मोती गिऱ्हाइकावर भुंकायचा. ओळखीची माणसं लांबून सामान सांगायची, अनोळखी माणसं पुढच्या दुकानात जायची.

ईदला घरी गेल्यावर शकीलभाईंनी भावाला माझी सगळी रीत शिकवली. भुंकला की बघ, "बास" म्हण, बिस्किटाचा तुकडा दे. मोती हुशार. पटकन शिकला. भाऊ खूश!

थोड्या दिवसांनी भावाचा फोन आला. "अरे शकील, हे कुत्रं आता पायरीवर थांबतच न्हाय. सारखं काउंटरपुढं येऊन बसतंय."

शकीलभाई रविवारी जाऊन बघत बसले. एक बाई साखर घ्यायला आली. भाऊ पोत्यातून साखर काट्यावर ओतायला लागला. बाई म्हणाली, "बास, बास!"

मोती पायरीवरून उठला, काउंटरपुढं आला आणि भावाच्या हाताकडं बघत बसला. मग एक आजोबा शेंगदाणे घ्यायला आले. तेही "बास!" म्हणाले. मोती काउंटरपुढून हललाच नाही, नुसती शेपटी हलवली.

शब्द बदलायला लागला. आता तिथं "पाव्हणं हायेत" म्हणतात. मोती गप्प बसतो, आणि नवीन गिऱ्हाईक उगाच खुलतं!

*

लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जाणारा प्रमोद मात्र रडकुंडीला आला होता. रात्रपाळी करून घरी यायचा, सकाळी डोळा लागायचा, आणि दारातली चंपी सुरू व्हायची. सायकल गेली, भुंक. शाळेची पोरं गेली, भुंक. शेजारीण तर रोज भिंतीवरून ऐकवायची, "कुत्रं पाळलंय का भोंगा लावलाय?"

"मॅडम, सोडून येऊ का हिला लांब कुठं?" प्रमोदनं विचारलं. विचारताना तो चंपीच्या कानामागं खाजवत होता.

मी घर बघून आले. चंपी रस्त्याकडच्या जाळीच्या फाटकाला साखळीनं बांधलेली. दिवसभर तिच्यासमोरून जग चाललंय आणि तिला हलता येत नाही. शिवाय भुंकलं की प्रत्येक माणूस पुढं निघून जातो, म्हणजे तिच्या हिशेबानं रोज विजयच विजय! जाळीला खालून पोती बांधायला लावली, तिची जागा मागच्या अंगणात केली, आणि पाळीवरून आलास की झोपायच्या आधी तिला कालव्यापर्यंत फिरवून आण म्हणून सांगितलं. फाटकाची कडी वाजली तर भुंकू दे, बायकोनं बघून शाबासकी द्यायची. बाकी रस्ता तिचा नाही, हे तिला हळूहळू कळेल.

कळलं. प्रमोदला झोप मिळायला लागली. मग एका सकाळी तीच शेजारीण दारात.

"चंपी कुठं गेली? बरी हाय न्हवं?"

"हाय की मागं. का हो मावशी?"

"न्हाय, आवाज न्हाय तिचा. आमच्या दारात कोण आलं-गेलं काय कळंनाच आमाला!"

*

पुढचा किस्सा सांगताना मला हसू येत नाही.

बारामतीतच एक नवा बंगला आहे. मालक सज्जन माणूस. शेरू नावाचा अल्सेशियन मोठ्या हौसेनं आणलेला. पण घरात बाळ आलं आणि शेरूच्या भुंकण्यानं ते दचकून उठायला लागलं. मी सांगितलेल्या गोष्टींना वेळ लागणार होता. तेवढा धीर घरात कुणाला नव्हता, आणि रडणाऱ्या बाळाच्या आईला तरी काय बोलणार? त्यांनी भुंकलं की झटका देणारा पट्टा मागवला. मी नको म्हटलं होतं.

आठवड्यात शेरू गप्प झाला. मालक पेढे घेऊन आले. "बघा मॅडम, काम फत्ते!"

मी लस द्यायला बंगल्यावर गेले, तेव्हा शेरू कोपऱ्यात बसलेला होता. फाटक वाजलं, त्यानं डोकं वर केलं, कान मागं घेतले, आणि पुन्हा खाली बघायला लागला. मला ते बरं वाटलं नाही. तसं मी बोललेही.

मग साताऱ्याहून मालकांची बहीण आली. कडी काढायला तिनं फाटकातून हात आत घातला. शेरू उठला, चालत आला आणि तिच्या मनगटाला चावला. आवाज नाही, गुरगुर नाही, काही नाही.

इस्पितळातून तिला टाके घालून आणि इंजेक्शन देऊन आणल्यावर मालकांचा फोन आला. "मॅडम, हा आधी भुंकला का नाही हो?"

उत्तर त्यांना माहीतच होतं. लगेच तेच म्हणाले, "पट्टा काढलाय मी."

त्यानंतर त्यांनी जो धीर धरला, तो मी फार कमी माणसांत बघितलाय. शेरूला आधी जाळीत ठेवलं, रोज स्वतः त्याच्याजवळ बसले, फाटक वाजलं की त्याच्याबरोबर उठून बघायला गेले. कित्येक महिने शेरू मुकाच. एक दिवस सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून मालक ओरडत होते, "ऐका मॅडम, ऐका!" आणि त्यांनी फोन पुढं धरला.

पेपरवाल्यावर शेरू भुंकत होता. मागं बाळ रडत होतं. आणि कुणीतरी हसत होतं!

*

कळस गावात हौसाआक्का राहतात. मळ्यात घर, मुलगा-सून नोकरीला पुण्यात. आक्कांना ऐकू अजिबात येत नाही. सोबतीला राणी नावाची काळी कुत्री. बांधापलीकडं मारुतीराव. पाण्याच्या पाळीवरनं दोन्ही घरांचं बोलणं कधीचं बंद झालेलं. आता मारुतीरावही एकटेच, पण अबोला तसाच.

मारुतीराव चिडून माझ्याकडं आले. "डॉक्टरबाई, ती कुत्री दिसभर भुंकती. म्हातारीला काय, ऐकूच येत न्हाय. कुत्री तिची आन् कान आमचे!"

खरंच होतं. राणी खबर देत होती, आणि ती घेणारं कुणी नव्हतं. मग थांबणार कशी? मी आक्कांना खुणा करून शिकवलं. राणी भुंकत असलेली दिसली की बाहेर येऊन बघायचं, पंजा उघडा धरून दाखवायचा, गप्प झाली की तुकडा द्यायचा. पुढं राणी स्वतःच शिकली. दोनदा भुंकायची, आणि आक्का आल्या नाहीत तर आत जाऊन त्यांच्या पदराला ओढायची. मळा शांत झाला. मारुतीरावांनी आभार मानले नाहीत, पण तक्रारही केली नाही.

एका दुपारी राणी पुन्हा भुंकायला लागली. थांबेचना. मारुतीरावांनी आधी दोन शिव्या घातल्या. मग त्यांना वाटलं, म्हातारी बाहेर का येईना? शेवटी बांध ओलांडून गेले. राणी दारात आडवी उभी, दात विचकून. मारुतीरावांनी बांधावरून रोज बघितलेला पंजा उघडा धरला. राणी गप्प झाली आणि बाजूला सरली. आत आक्का न्हाणीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मारुतीरावांनीच गाडी बोलावली, दवाखान्यात नेलं, मुलगा येईपर्यंत बाहेर बसून राहिले.

आक्का बऱ्या होऊन, काठी घेऊन घरी आल्या. त्यानंतर काही दिवसांनी मारुतीराव पुन्हा माझ्या दवाखान्यात हजर.

"डॉक्टरबाई, त्या कुत्रीचं कायतरी करा. आता ती आमच्या दारात येऊन भुंकतीया. रोज दुपारी."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करता म्हंजी? जावं लागतंय की बघाया! मागल्यासारखं काय झालं आसलं तर?"

"आणि तिथं काय झालेलं असतं?"

मारुतीरावांनी टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली.

"काय न्हाय. म्हातारी दोन कप च्या घिऊन बसल्याली आसती."