पंख्याखालचा मारवा

कवळीबुवांना 'बुवा' म्हणायला कुणी सुरुवात केली ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यांनी जन्मात एक ओळ गायली नव्हती, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे साचे पाठवायचे. बुवा त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात दात बसवून बघायचे आणि तयार कवळी मोटरच्या चाकावर धरून घासत बसायचे. खोलीभर फळ्या आणि फळ्यांवर जबडे. नवीन माणूस आत आला की दचकायचा. बुवा म्हणायचे, "या, या. चावत नाहीत. आमचा श्रोतृवर्ग आहे."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते चाक कानाशी किंचाळायचं. ज्या माणसाला चांगलं गाणं सोडून दुसरं व्यसन नाही, त्यानं असला धंदा करावा, म्हणजे पोहायची आवड असलेल्यानं मीठ विकायला बसावं तसंच. पण पोट आणि कान यांचं भांडण लागलं की पोट जिंकतं.

रविवारी सकाळी याच खोलीत मैफल जमायची. मैफल म्हणायचं ते आपलं सवयीनं. गाणं तिथं वाजत नसे. पूर्वी वाजायचं, पण एकदा दोन गवयांत थोर कोण यावरून नेहमी येणारे मॅनेजर आणि गणिताच्या बाई यांची अशी जुंपली, की अख्खा उन्हाळा दोघं एकमेकांचं तोंड बघेनात. तेव्हापासून लावायचं बंद, सांगायचं फक्त. चहाचा पहिला घोट झाला की एकानं विचारायचं, "बोला, सध्या काय?" आणि प्रत्येकानं आपण सध्या काय ऐकतोय ते सांगायचं. बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर सांगायचे ते कर्ज नामंजूर केल्यासारखं. गणिताच्या बाई सांगायच्या ते सिद्धता मांडल्यासारखं. कोपऱ्यावरचे औषधवाले सांगायचे ते थोडक्यात, जेवणानंतर एक घ्या, इतकंच. आणि बुवा सांगायचे तेव्हा सगळे गप्प बसायचे. बुवांना कान होता. असं सगळे म्हणायचे.

म्हणजे, होता. आता नव्हता. चाकानं तो हळूहळू घासून टाकला होता. आधी झांजा गेल्या, मग बायकांचे वरचे सूर गेले, मग सगळंच घोंगडीखालून आल्यासारखं झालं. कानात घालायचं मशीन आणलं, तर त्यातून गाणं म्हणजे पत्र्यावर खडे. मशीन खणात गेलं. बायको अधूनमधून त्याचे सेल बदलून ठेवायची, उगाच आशेनं. लोकांचं बोलणं बुवांना अडत नव्हतं. सगळं आयुष्य परक्यांच्या तोंडाकडे बघण्यात गेलेलं. ओठ हलले की शब्द कळायचा. मॅनेजरांचा 'ष' वरच्या कवळीमुळे कुठं अडतो हेसुद्धा दिसायचं. कवळी बुवांचीच होती.

"अहो, सांगून टाका ना एकदा त्यांना," बायको म्हणायची. "काय खातील का तुम्हाला?"

"खाणार नाहीत. कीव करतील."

"मग करू देत की थोडी."

"तुला नाही कळायचं. तिथं मी बुवा आहे. उद्या कळलं, की मी कवळीवाला. चहा देतील, गप्पा मारतील, आणि 'सध्या काय' विचारायची पाळी आली की मला गाळून पुढं जातील."

"माझं तर लग्न झाल्यापासून ऐकत नाही तुम्ही," बायको म्हणाली. "मी गेले का सोडून?"

असं करत जुन्या साठ्यावर बुवा दिवस काढत होते. पूर्वी ऐकलेलं एकेक बाहेर काढायचं आणि 'सध्या' म्हणून वाढायचं. पण एका रविवारी घात झाला. बुवांनी मनात जे योजलं होतं, नेमकं तेच गणिताच्या बाईंनी आधी सांगितलं, तेही रागाच्या आरोहावरोहासकट. लगेच बुवांची पाळी आली. तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं.

"एका बाईंचा मारवा ऐकतोय. घरातच केलेलं रेकॉर्डिंग. बाईंचं नाव कुणाला माहीत नाही. मागे पंखा फिरतोय, तो ऐकू येतो. आणि बाई 'सा'वर येतच नाहीत हो. पाहुणा दारात उभा राहतो, चपला काढतो, आणि आत मात्र येत नाही, तसं."

मग मॅनेजर पुढे सरकले. "कुठं मिळालं? कोणाकडून शिकलेल्या बाई? काही पत्ता?"

बुवांची दातखिळी बसली. तेवढ्यात औषधवाले म्हणाले, "माझ्याकडेही आहे ते."

बुवा त्यांच्याकडे बघतच राहिले. ओठ वाचण्यात आपली चूक झाली असं त्यांना वाटलं. पण औषधवाल्यांच्या मागे न राहायचा मॅनेजरांचा स्वभाव. ते टेकून बसले आणि म्हणाले, "अच्छा, ते होय! मग ऐकलंय मी. छान आहे. पंखा जरा खटकतो."

"पंखा नव्हे तो," गणिताच्या बाई म्हणाल्या. "तंबोराच तसा लावलाय. लक्ष देऊन ऐकलं तर कळतं."

"बाई, पंखा आहे."

"मी ऐकलंय, मॅनेजर."

"मीही ऐकलंय!"

भांडण पेटणार असं दिसलं तसा तोडगा निघाला: नियम एक दिवस बाजूला ठेवायचा. पुढच्या रविवारी औषधवाल्यांनी ते रेकॉर्डिंग आणावं आणि पंखा की तंबोरा, याचा निकाल बुवांनी द्यावा. कान त्यांचा.

त्या आठवड्यात बुवांच्या हातून एका म्हातारीचे खालचे दात वरच्या बाजूला बसले. आपण थाप मारली आणि ती खरी निघाली, असं कधी होतं का? आणि झालंच असेल, तर ती ऐकायची कशी? बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तुम्ही सांगता का मी चहा देताना सांगू?"

"मी सांगतो," बुवा म्हणाले.

रविवारी औषधवाल्यांनी पिशवीतून छोटा टेप काढून जबड्यांच्या फळीवर ठेवला. बटण दाबलं, लाल दिवा लागला. बुवांपर्यंत काहीच पोचलं नाही. त्यांनी मग आपला धंदा केला, तोंडं बघितली. मॅनेजरांनी डोळे मिटले होते आणि हात हवेत फिरत होता. गणिताच्या बाई बोटांवर मात्रा मोजत होत्या. मधूनच दोघांची तोंडं एकदम 'वा' अशी उघडायची. दातांच्या डॉक्टरलाही इतकी उघडून मिळत नाहीत. औषधवाले मात्र फरशीकडे बघत होते.

लाल दिवा विझला. मॅनेजरांनी डोळे पुसले. "बुवा. बोला."

बुवांनी घसा साफ केला. "मला ऐकू येत नाही."

मग मॅनेजर हळूच म्हणाले, "वा. काय बोललात! शेवटी शेवटी मलाही ऐकू येईनासं झालं होतं. सूर राहतो, ऐकणारा राहत नाही."

"तसं नाही हो. खरंच सांगतो. माझे कान गेलेत."

"जातातच!" गणिताच्या बाई कळवळून म्हणाल्या. "असं ऐकल्यावर दुसरं काय उरतं मग कानांना?"

"बाई, बहिरा झालोय मी! ठार बहिरा!"

"आम्हीही, बुवा," मॅनेजरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "आज आम्हीही."

पंख्याचा निकाल राहूनच गेला. असल्या अनुभवानंतर पंखा की तंबोरा हा प्रश्नच क्षुद्र आहे, असं दोघांचं एकमत झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झालं. जाताना मॅनेजर दारात थांबले. पुढच्या रविवारी 'सध्या काय' विचारलं, तर आपण 'काही नाही' म्हणणार, असं त्यांनी जाहीर केलं. आपणही तेच म्हणणार होतो, असं बाई म्हणाल्या.

बायको कप गोळा करायला आली. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"आवडलं त्यांना."

बायको काहीतरी पुटपुटत आत गेली. तोंड पलीकडे होतं, त्यामुळे काय ते बुवांना कळलं नाही. औषधवाले अजून टेपची वायर गुंडाळत होते. ते उठले, बुवांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि चेहरा उजेडाकडे केला.

"मशीनचे सेल वहिनी माझ्याच दुकानातून नेतात," ते सावकाश म्हणाले.

बुवांना कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"हो."

"मग माझ्याकडेही आहे, असं का म्हणालात?"

"मॅनेजर तुम्हाला सोलायला निघाले होते. वाटलं, आपण हो म्हटलं की विषय मिटेल. ते दोघं 'आम्हीही ऐकलंय' म्हणतील हे कुठं माहीत होतं मला!" औषधवाल्यांनी कपाळाला हात लावला. "मग आणायचं काय? घरात जुन्या कॅसेटी शोधल्या. एकीत बाईमाणसाचा आवाज होता आणि मागे पंखा होता. तीच आणली."

"मारवा आहे?"

"कसला मारवा! आमची आई आहे ती. भांडी विसळता विसळता गुणगुणतेय. मला टेप नवीन मिळाला होता, चालतो का बघायला मी लावला होता."

बुवा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. "कशी गाते?"

औषधवाल्यांनी मागे वळून दार बंद आहे का ते पाहिलं. मॅनेजर अजून जिन्यात असते तर ऐकलं असतं त्यांनी.

"बेसूर," ते म्हणाले.

बुवा हसले. औषधवालेही हसायला लागले, आणि मग मध्येच थांबले. "तिला इथं मान मिळाला आज. असला मान तिला घरात कधी मिळाला नव्हता. आम्ही सगळे तिला गप्प बस म्हणायचो."

"काय गात होत्या?"

"ते ओळखू येत नाही. अर्धी ओळ म्हणते, मग नळ सोडते. पुन्हा अर्धी म्हणते. मध्ये एकदा मला ओरडते, ओले पाय घेऊन आत येऊ नकोस म्हणून. मॅनेजरांनी तिथंच हात वर केला होता."

"तो हात मला दिसला," बुवा म्हणाले. "मी म्हटलं, गाण्यातली जागा मोठी दिसतेय." त्यांनी आपलं स्टूल आणखी जवळ ओढलं. "बरं, पहिल्यापासून सांगा. नळापासून. आणि हात तोंडापुढे आणू नका."