कानसेन आणि पोरीचा ‘स’

तळघरातल्या त्या रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकांना सगळे कानसेन म्हणत. गायकाने श्वास चोरला तरी यांना कळतो, अशी ख्याती. पण ख्याती सांभाळावी लागते, आणि साठीला टेकलेल्या माणसाला तेच जड जातं.

घरी फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टीं-टीं ओरडायचा. “अहो, तो केव्हाचा बोंबलतोय आणि तुम्ही शेजारीच बसलाय!” बायको म्हणाली, तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. डॉक्टरांनी कान तपासून कागद हातात ठेवला: बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेले. कानसेनांनी कागदाला चार घड्या घातल्या आणि तो पाकिटात ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही खुर्ची गेली तर आपल्याला दुसरं येतं काय, याची त्यांना खरोखर भीती वाटली.

त्याच महिन्यात सोळा वर्षांची एक पोरगी गाणं घेऊन आली. आवडत्या मुलाने मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही, एवढीच त्या गाण्यातली तीन मिनिटांची तक्रार. चाल मात्र अशी, की जिना चढताना पायांनी आपोआप ठेका धरावा. गाणं जुळवताना कानसेनांना तिचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला. म्हणून त्यांनी बारीक, उंच आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शब्द स्वतःला नीट ऐकू येईपर्यंत फिरवलं. स्टुडिओच्या तरुण मालकांनी नेहमीप्रमाणे गाडीत, फोनवर बोलता बोलता ते ऐकलं आणि “झकास” म्हणून मोकळे झाले.

गाणं बाहेर आलं. मोठ्या माणसांनी कानांत बोटं घातली. एका समीक्षकाने लिहिलं, याहून दाढ कोरून घेतलेली बरी. पण पोरं गाणी ऐकतात फोनच्या टीचभर स्पीकरवर, भर गोंगाटात. तिथे बाकीची गाणी गुळणी धरून बसायची आणि हे खणखणीत वाजायचं. पंधरा दिवसांत शाळेच्या प्रत्येक फाटकाबाहेर तेच. “काका, जादू आहे तुमच्या हातात!” मालक म्हणाले. दुसरे निर्माते तोच चकचकीतपणा मागत आले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. इथे तर देवाने कान काढून घेतले आणि वर नाव दिलं. कानसेन मान डोलवत राहिले.

चार महिन्यांनी पोरगी दुसरं गाणं घेऊन आली. कागदावर ठिकठिकाणी खाडाखोड. साथ, हसू, दिसशील, सगळ्यांवर काट.

“हे का गं खोडलंस?”

“काका, माझा ‘स’ वाईट आहे,” ती खाली बघत म्हणाली. “शिट्टी वाजते. इअरफोन लावून मला माझंच गाणं ऐकवत नाही. रोज आरशासमोर सराव करते, पण जातच नाही. म्हणून म्हटलं, ते शब्दच नकोत.”

कानसेनांची नजर ट्रेबलच्या बटणाकडे गेली. ‘सरावाने जाईल हो’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. मालक शेजारीच उभे होते, आणि त्यांना तोच चकचकीतपणा पुन्हा हवा होता. कानसेनांनी पाकीट काढलं, कागदाच्या घड्या उलगडल्या आणि तो दोघांच्या पुढ्यात ठेवला.

“तुझा ‘स’ चांगला आहे, बाळ. माझे कान गेलेत. मला ऐकू यावं म्हणून मी तो वाढवत बसलो.”

मालकांनी कागद दोनदा वाचला. “बाहेर कुणाला बोलू नका, काका. आपण नंतर बघू.” नंतर म्हणजे ही खुर्ची जाणार, ते कानसेनांना समजलं.

“म्हणजे माझ्यात काही दोष नाही?” पोरीने विचारलं.

“काही नाही.”

त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, जुनं गाणं लावलं आणि उभ्या उभ्या बटण उलटं फिरवू लागले. “कुठे थांबायचं ते तू सांग.”

“अजून. अजून थोडं. हां, बस.”

कानसेनांच्या लेखी आवाज पुन्हा गोधडीखाली गेला होता. पोरीने मात्र स्वतःचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि खोडलेले शब्द एकेक करून पुन्हा लिहायला बसली.