भिंतीकडे तोंड करणारा माणूस

दिग्रसला माझं कृषी केंद्र आहे. तिथला कॉम्प्युटर बघायला येणारा मेकॅनिक मोठा अदबशीर. नवा प्रोग्राम टाकताना पडद्यानं पासवर्ड मागितला, की तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. म्हणतो, "टाका भाऊ. पुरी मालकी मागून राह्यला हा. ते मालकानंच द्यावं."

मागच्या महिन्यात बायकोला लेकीसाठी पत्रिका जुळवायचा कुठलासा फुकट प्रोग्राम हवा होता. माझा चष्मा नेमका फुटलेला. बायको म्हणाली, "तुमाले दिसत नाही त तोंडानं सांगा न पासवर्ड. भाऊ टाकतीन."

मला घाम फुटला. तो पासवर्ड म्हणजे कॉलेजातल्या एका मुलीचं नाव होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मेकॅनिकनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो बायकोकडे वळला. "वैनी, अनोळखी पाहुण्याले पुऱ्या घराच्या चाब्या देता काय? नोका टाकू हे!"

निघताना मला हळूच म्हणाला, "भाऊ, आता वैनीचं नाव ठेवा."

ठेवलं. पण बोटं आधी जुन्या नावाकडेच जातात. चुकल्याचा टुंग आवाज होतो, आणि तो भिंतीकडे बघतच खोकतो.