कपाटात न मावलेला शब्द

माझ्या मुलीच्या शाळेत हरवलेल्या वस्तूंचं कपाट ज्या सांभाळतात, त्यांना सगळे मावशी म्हणतात. मोठ्या बाईसुद्धा. सव्वीस वर्षांत एकही वस्तू बेवारस राहिली नाही, याचा मावशींना फार अभिमान. त्यांची पद्धत ठरलेली. वस्तू सापडली की तीन दिवस परिपाठाला उंच धरून पुकारायची. मालक आला नाही, तर चौथ्या दिवशी सगळ्यांना कपाटासमोर रांगेत उभं करून वस्तू घालून बघायची. बूट पायात, टोपी डोक्यावर. एकदा स्नेहसंमेलनानंतर कवळी सापडली, तेव्हा त्यांनी अकरा आजोबांना 'आ' करायला लावलं होतं. कवळी सातव्यांची निघाली. उरलेल्या चौघांनाही सोडलं नाही.

आम्ही या गावात वर्षाच्या मधेच आलो. माझ्या मुलीच्या बोलण्याचा हेल वेगळा, म्हणून दुसरीच्या वर्गाने तिला नाव ठेवलं: परग्रहवाली. "ए परग्रहवाली, यान कुठे लावलंस?" तिने शाळेत बोलणंच बंद केलं. घरी पोपटासारखी, शाळेत मान हलवायची. सोमवारी तोंडी परीक्षा होती, आणि वर्गबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "बोलली नाही तर पहिलीत बसवावं लागेल."

मी मोठ्या बाईंना भेटले. त्यांनी लगेच समानता दिन घेतला. एकट्या मुलीला वेगळं वाटू नये म्हणून सगळ्या वर्गाला तारेची शिंगं लावून परग्रहवासी केलं. माझ्या मुलीला मान म्हणून सगळ्यात मोठी शिंगं. सोबत फोटोही काढला.

ती शिंगं परत करायला गेले, तर कपाटापाशी मावशी भेटल्या.

"काय हरवलंय, ताई?"

"हरवलं काही नाही. नको असलेलं गळ्यात पडलंय," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

मावशींनी चष्मा लावला, वही उघडली. "म्हणजे सापडलेली वस्तू. कुठे सापडली?"

"घसरगुंडीजवळ."

"स्थिती?" त्यांनीच लिहिलं, 'वापरलेली.' मग म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्हाला यावं लागेल. जमा करणाऱ्यासमोरच मालक ठरवायचा असतो."

मंगळवारी परिपाठाला मावशींनी रिकामे हात उंच धरले. "घसरगुंडीजवळ 'परग्रहवाली' हा शब्द सापडला आहे. ज्याचा असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावा!"

मोठ्या बाई कुजबुजल्या, "मावशी, अहो, हे काय?"

"तीन दिवस, बाई. मग रांग."

बुधवारी कोणी आलं नाही, गुरुवारी तर पोरं घसरगुंडीकडेही फिरकेनात. शुक्रवारी पूर्ण दुसरी कपाटासमोर. मी स्टुलावर. एकेकाने पुढे यायचं, मावशींच्या कानात तो शब्द म्हणायचा.

"अंहं, तुला सैल होतोय. पुढे." "तुझ्या तोंडात अडकतोय, जा." एकाला तर शिंकच आली, मावशींनी त्याला पाणी पाजून परत घेतलं.

मोठ्या बाई बघायला डोकावल्या. "तुम्हीही या, बाई."

"मी? मी कशाला?"

"शिंगं तुम्ही वाटली होती."

बाईंनी पुटपुटल्यासारखं केलं. मावशी विचारात पडल्या. "खांद्यात बसतोय थोडा. पण तुमच्या मापाचा नाही." बाई कधी गेल्या ते कळलं नाही.

मग माझी मुलगी आली. मी उठले. "ताई, खाली बसा," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हं, बोल बाळा."

मुलगी कानाशी गेलीच नाही. जागेवरूनच, आमच्या घरच्या हेलात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा माझा नाय हो. मी घालून बघणार नाय."

"लिहून घेते," मावशी म्हणाल्या, आणि खरंच लिहिलं. रांगेत कोणी हसलं नाही. सगळ्यांना आपापल्या नंबराची काळजी होती.

शेवटून दुसरा नंबर वर्गाच्या मॉनिटरचा. तिच्या तोंडून शब्द चालीसकट आला. मावशींनी वही मिटली. "चपखल."

मॉनिटर रडायला लागली. "पण तो माझा नाहीये! पप्पांचा आहे. ते वरच्या मजल्यावरच्या लोकांना म्हणतात. मी नुसता आणला होता."

वरच्या मजल्यावर आम्ही राहतो.

"घरची वस्तू विचारल्याशिवाय शाळेत आणायची नाही, माहीत आहे ना?" मावशी म्हणाल्या. "पप्पांना बोलव."

शाळा सुटताना ते आले, घाईत, गाडीची किल्ली बोटात फिरवत. "काय हरवलं होतं आमचं?" मावशींनी वही पुढे सरकवली. त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. किल्ली फिरायची थांबली.

"तुमचाच ना?"

"...हो."

"मग सही करा. पिशवी देऊ?"

"नको," ते म्हणाले, आणि पेन उघडेना म्हणून बराच वेळ झटापट करत राहिले.

"काका, ते फिरवायचं असतंय," माझी मुलगी म्हणाली.

सोमवारी मी सकाळपासून फोन हातात धरून बसले होते. दुपारी तिच्या दप्तरात वर्गबाईंची चिठ्ठी आली: 'तोंडी परीक्षेत शेजारच्या मुलांची उत्तरंही सांगते. दोनदा गप्प बसवावं लागलं. पालकांनी समज द्यावी.'

समज दिली म्हणून मी सही केली. दिली मात्र नाही.