केसाळ वेलीखालची खुंटी

डेल्फिया स्टिल्टनरचा डावा कान तिच्या बापानं फोडला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उजवा तिनं जन्मभर जपला आणि त्या एकट्या कानाच्या जिवावर सगळ्या खोऱ्यात नाव कमावलं.

झालं असं होतं, की बाप शेजारच्या कीन लोकांचा बांध कोरायचा. हद्दीचा दगड दर हिवाळ्यात दोन पावलं सरकायचा. शेवटी कोर्टानं मोजणीदार पाठवला. त्यानं झाडीत, दोर धरून उभ्या असलेल्या पोरीला सहज विचारलं, "काय गं, हा दगड आधी कुठं होता?" पोरीनं पांढऱ्या ओकच्या झाडाकडे बोट दाखवलं. मोजणीदारानं ओकच्या बुंध्याशी अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब लोखंडी खुंटी ठोकली, कागदावर सही केली आणि गाडीत बसून निघून गेला. गाडी वळणाआड होते न होते तोच बापाचा पंजा पोरीच्या कानशिलावर बसला.

"खरं बोलतेस? घे, ऐक खरं!"

त्या कानानं ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

पुढं तिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली. नवरा हॉबर्ट खाणीची धूळ छातीत भरून गेला. बसची नोकरी सुटली तेव्हा तिनं धातू शोधायचं एक जुनं यंत्र घेतलं, उजव्या कानाला हेडफोन लावला आणि रानोमाळ फिरायला लागली. गवताच्या गंजीत पडलेली लग्नाची अंगठी, ओढ्यात वाहून गेलेली पाद्रीबाबांची तार लावलेली कवळी, काय काय तिनं काढून दिलं. लोक सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी नाहीतर वाळवलेल्या घेवड्याच्या माळा आणून द्यायचे. ती म्हणायची, "लोखंड घोगरं बोलतं, चांदी गोड बोलते, आणि बिअरच्या डब्याची झाकणं मेली अस्सल खोटारडी. चांदीचा आवाज काढतात."

आणि हार्लिस. तिचा भाऊ, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, आईमागं तिनंच वाढवलेला. दारूच्या गुत्त्यात फुटक्या बाटलीनं त्यानं एका माणसाचा गळा उघडला होता. अकरा वर्षं भोगून नोव्हेंबरात सुटला आणि तिच्या घरामागच्या ट्रेलरमध्ये येऊन राहिला. आला त्याच दिवशी तिनं त्याला बजावलं होतं, "हार्ल्या, परत त्या तुरुंगाच्या दारातून आत जाताना मी तुला बघणार नाही. आधी मला पूर, मग जा."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी डॉयल कीनचा ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. डॉयल खाली उतरला नाही. स्टिल्टनरांच्या अंगणात कीन कधी खाली उतरत नसे. काच खाली करून तो म्हणाला, "डेल्फियाबाई, सोमवारी करवतवाले येतायत. माझी झाडं देतोय मी, हद्दीपर्यंत."

"कुठली हद्द?" मागून हार्लिस आला. खांद्यावर लाकूड फोडायचा घण, हातात चामडी मोजे, डावा डोळा सुजून बंद.

"ओकपर्यंतची. डोळ्याला काय झालं रे? कुणी वाजवली?"

"तुझ्या बायकोनं. निघून जाताना भेटली होती."

डॉयलचा जबडा हलला. "ओकपर्यंत माझं आहे. अक्रोडाची अकराच्या अकरा झाडं माझी."

"अक्रोड आमचे."

"तुझ्या बापासमोर खुंटी ठोकलीय. तुरुंगात मोजायला शिकवत नाहीत वाटतं? का नुसत्या रात्रीच मोजत होतास?"

हार्लिसनं घण फिरवला. समोरची काच आत कोसळली, डॉयलच्या मांडीवर, दाढीत, सगळीकडे काचा. डॉयलचा हात बाकाखाली गेला. तिथं पिस्तूल असतं हे सगळ्यांना ठाऊक. डेल्फिया धावली नाही, ओरडलीही नाही. ती जाऊन ट्रकच्या नाकावर बसली, दोघांच्या बरोबर मध्ये, आणि म्हणाली, "मारा. पण आधी मला मारावं लागेल, आणि मग सोमवारच्या आत ती खुंटी उकरून कोण दाखवणार?"

डॉयलचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. गालावरून रक्त ओघळत होतं. "तेच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "करवतवाले म्हणतात, खुंटी दाखवा. काल सबंध दिवस शोधलं, मिळत नाही. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. याच्यावर नाही."

"बरोबर आहे," हार्लिस झटकन म्हणाला. "ताईच शोधेल. लोखंड म्हणेल ते."

एवढ्या झटकन तो आयुष्यात कशाला हो म्हणाला नव्हता. डेल्फियाच्या मनात कुठंतरी खट झालं, पण काचा वेचायच्या होत्या.

शनिवारी तिघं रानात गेले. पाचोळा गोठून कुरकुरत होता. डॉयलकडे घण आणि झाडांना खुणा करायचा निळा रंग. हार्लिसकडे बापाची रायफल, "अस्वलं जागी झाली असतील म्हणून." डेल्फियाकडे यंत्र आणि पट्ट्याला खोचलेली आखूड दांड्याची पोलादी कुदळ.

ओकवर विषवेल चढली होती. पोटरीएवढी जाड, अंगभर तांबूस केस, एकाही पानाविना थेट शेंड्यापर्यंत. उन्हाळ्यात तीन पानं दिसली की इथलं पाच वर्षांचं पोरही लांब पळतं. हिवाळ्यात पानं नसतात, म्हणून माणसं फसतात. वेल झोपलेली असते, अंगाला लागताच फोड उठवणारा चीक जागा असतो.

तिनं बुंध्याभोवती यंत्र फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. ओक मुका.

"खाली बघ ना, ताई," हार्लिस म्हणाला. "उताराकडे. अक्रोडांच्या पलीकडे."

ती चाळीस पावलं उतरली. अक्रोड मागं पडले आणि एका बीचच्या झाडापाशी लोखंड घोगरं बोललं. स्पष्ट, उभं, खोल. तिनं माती खरवडली. चार बोटांवर खुंटीचं डोकं.

हार्लिसनं आकाशाकडे तोंड करून आरोळी ठोकली. "ऐकलंस कीन? अक्रोड इकडं! अकराच्या अकरा!"

डॉयल पांढराफटक पडला. "माझ्या बापानं मला हाताला धरून ओक दाखवला होता."

"मग तुझा बाप खोटारडा. म्हण."

"काय?"

रायफलची नळी डॉयलच्या छातीला टेकली. "म्हण, माझा बाप खोटारडा होता. माझ्या बापानं हे सगळं गिळलं, तू एक वाक्य गिळ. गुडघ्यावर बसून म्हण."

डॉयल त्याच्या बुटांवर थुंकला. हार्लिसनं नळीनंच त्याच्या तोंडावर फटका मारला. ओठ फाटला, तुटका दात बोटांत धरून डॉयल गुडघ्यावर आला.

डेल्फियानं तोवर खुंटी ओढली होती. दोन हातांनी ओढली आणि ती सुळकन वर आली, लोण्यातून सुरी यावी तशी. बावन्न वर्षं जमिनीत राहिलेल्या लोखंडाला मुळं मिठी मारून बसतात. इथं एक मूळ नव्हतं. आणि गंजावर पान्ह्याच्या दातांचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

खुंटी हातात घेऊन ती चढ चढली. ओकपाशी गुडघे टेकून नुसत्या हातांनी तिनं पाचोळा बाजूला केला. खाली माती भुसभुशीत. त्यात वेलीची तुटलेली मुळं, आणि तुटल्या जागी चीक वाळून काळा झालेला, बिब्ब्याच्या डागासारखा. तसेच काळे ठिपके तिनं पाहिले होते. कुठं? हार्लिसच्या कोटाच्या बाहीवर, तीन दिवस. ती त्याला इंजिनचं तेल समजत होती.

आणि तो डोळा. ठोशानं सुजलेला डोळा आधी काळानिळा होतो. हा लाल होता, वर पाणीदार फोड. भांडखोर माणसाचा सुजका डोळा बघून कुणाला काय वाटणार? कुणीतरी वाजवली असेल. कुणी दुसऱ्यांदा बघतसुद्धा नाही.

बोलावं का? बोललं तर हातात रायफल असलेला भाऊ काय करील, ते तिला दिसत होतं. न बोलावं, तर डॉयल रात्री पिस्तूल घेऊन येणार, आणि हार्लिस वाट बघत बसलेला असणार. एकाला माती, दुसऱ्याला तुरुंग, दोन्हीकडून तेच.

ती उभी राहिली. "हार्ल्या, हातमोजे काढ."

"थंडी आहे."

"काढ म्हणते ना."

"मला वेल कधीच उतत नाही, ताई! लहानपणी पैजेवर पान चावून खाल्लं होतं मी, अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे!"

"वेलीचं नाव मी कुठं काढलं?"

डॉयलनं रक्ताळलेलं तोंड वर केलं. ओककडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या खुंटीकडे, मग हार्लिसच्या मोज्यांकडे.

"तू उपटलीस," तो म्हणाला.

"गप!" हार्लिस तिच्याकडे धावत आला. "तू पण ना! तेव्हा पण बोट दाखवलंस! बापाची जमीन परत आणत होतो मी, तुझ्यासाठी, आणि तू परत—"

रायफलचा दस्ता वर गेला, तिच्या उजव्या कानाच्या रोखानं. हा हात असा वर जातो, खांदा असा मागं येतो, ओठ असे आवळतात. सगळं तिला बावन्न वर्षं पाठ होतं. नऊ वर्षांची असताना ती फक्त उभी राहिली होती. या वेळी तिनं पट्ट्यातली कुदळ उपसली आणि मनगटावर घातली, पूर्ण ताकदीनं, पात्याच्या बोथट बाजूनं.

हाड मोडल्याचा आवाज आणि बार एकदमच झाले. गोळी ओकमध्ये घुसली. वेलीची साल, केस, धूळ त्यांच्या डोक्यांवर पडली. डेल्फियानं दचकून तळवा उजव्या कानावर गच्च दाबला. त्याच हातानं तिनं मुळं चिवडली होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

हार्लिस पाचोळ्यात लोळत होता, मनगट पोटाशी धरून गुरासारखा ओरडत. डॉयल चढ चढून वर आला. हातात घण. तो हार्लिसच्या डोक्याशी उभा राहिला आणि त्यानं घण उचलला.

"अकरा वर्षं दिली याला," तो म्हणाला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "कमी दिली."

"डॉयल, ऐक. घण उचललाच आहेस तर कामाला लाव." तिनं हार्लिसला कॉलर धरून ओढत भोकापाशी नेलं, मोजा दातांनी ओढावा तसा ओरबाडून काढला आणि त्याच्या धड हातात खुंटी कोंबली. तो हात फोडांनी भरला होता, मधून पिवळं पाणी गळत होतं. "धर सरळ. जिथून काढलीस तिथं."

"ताई, तो मारेल मला."

"मारेल कदाचित. धर."

हार्लिसनं खुंटी धरली. डॉयलनं घण डोक्याच्या वर नेला. खाली लोखंडाचं डोकं होतं, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर माणसाचं. डेल्फियाच्या कानात बाराचा नाद अजून घुमत होता. तरी तिनं कान लावला.

ठण्ण.

लोखंड.

ठण्ण. ठण्ण. तिसऱ्या घावाला हार्लिस हुंदके देत होता, पण त्यानं हात काढला नाही. खुंटी जमिनीबरोबर झाली. डॉयलनं तिच्यावर निळा रंग मारला, तो थोडा हार्लिसच्या बोटांवरही उडाला. मग घण ओढत तो चालू लागला. "सोमवारी," एवढंच म्हणाला.

डेल्फियानं रायफल उचलली. तिचा बोल्ट, म्हणजे ज्याच्याविना ती झडत नाही तो लोखंडी तुकडा, काढला आणि अंगात होता तेवढा जोर लावून रानात भिरकावला, जिथं वेलींचं जाळं सगळ्यांत दाट होतं तिकडे.

सोमवारी सकाळी तिचा उजवा कान सुजून बंद झाला होता. कानाची पाळी लाल, जाड, पाणी गळणारी. भोक मिटलेलं. साठ वर्षांत पहिल्यांदाच जग पूर्ण गप्प होतं. करवती सुरू झाल्या, ते तिला चुलीवरच्या पातेल्यावरून कळलं. घेवड्याच्या कालवणावर बारीक वर्तुळं उठायला लागली. मग एकदम जमीन हादरली आणि फळीवरची बरणी सरकली. एक अक्रोड.

हार्लिस दारापाशी खुर्चीवर बसला होता. मनगट प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हाताला चिंध्या, मांडीवर बापाची रायफल. त्याचे ओठ हलले. तिनं मान हलवली. तो उठून जवळ आला, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ओठांवरून तिला वाचता आलं: बोल्ट कुठंय?

"ऐकू येत नाही रे मला," डेल्फिया म्हणाली. स्वतःचा आवाजही तिला छातीत जाणवला फक्त. "कानाची सूज उतरली की दोघं मिळून शोधू. यंत्र आहेच."

जमीन पुन्हा हादरली. त्यानं दाराकडे पाहिलं. तिनं कढईतल्या मक्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, वाडग्यात कालवण वाढलं आणि वाडगा त्याच्यासमोर धरला. वाफ त्याच्या सुजक्या डोळ्यावर गेली.

धड हात एकच होता. रायफल नाहीतर वाडगा.

तिनं वाडगा खाली ठेवला नाही. तिसरं झाड पडलं, चौथं पडलं. हात भरून आला, बोटं भाजायला लागली, तरी ती तशीच धरून उभी राहिली. पाचव्याला त्यानं रायफल भिंतीला टेकवली.