नत्थूची डावी बाजू

चंद्रभान गजघाटे माणसाला पायापासून ओळखायला सुरुवात करी. त्यात त्याचा दोष नव्हता. सीताबर्डीच्या एका जोड्यांच्या दुकानात तो दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून असे, आणि तिथून दिसतात ते पायच. गिऱ्हाइकाचा चेहरा वर कुठेतरी, पंख्याच्या आसपास. पाय मात्र थेट मांडीवर. टाच रुंद असली की माणूस हट्टी, अंगठ्याजवळचं बोट लांब असलं की घरात त्याचं कुणी ऐकत नाही, अशी त्याची काही मतं होती आणि ती तो न मागता देई.

पण त्याची खरी मतं फुटबॉलची. दुकान सुटलं की सायकल सरळ सक्करदऱ्याकडे. तिथल्या तलावाशेजारच्या मैदानावर मोहल्ल्याच्या क्लबचा, तलाव इलेव्हनचा, सराव चालायचा. चंद्रभान बांधावर बसायचा आणि अंधार पडेपर्यंत बोलायचा. स्वतः तो कधी खेळला नव्हता. लहानपणी एकदा खेळायला गेला, चेंडू तोंडावर बसला, आणि तेव्हापासून आपल्याला खेळ बाहेरूनच जास्त स्पष्ट दिसतो असं त्याचं म्हणणं होतं.

"गोली आपला चांगला हाये," तो बांधावरच्या लोकांना सांगे. "पन चेंडू आला का डोळे मिटते. देवाच्या भरवशावर गोल थांबवून राहिला तो. अन् हा सेंटर फॉरवर्ड! समोर गोल दिसला का याले लाजच वाटते. नव्या नवरीवानी मान खाली घालते."

"अन् कॅप्टन?" कुणीतरी मुद्दाम विचारी.

"कॅप्टनचं पायापेक्षा तोंड जास्त चालते."

"हे तू म्हनून राहिला काय, चंद्रभान?"

सगळे हसत. चंद्रभानही हसे. त्याची निम्मी मतं चुकत हे त्यालाही माहीत होतं. आधीच्या ज्या गोलकीपरला त्यानं चाळणी म्हटलं, तो पुढच्याच साली मोठ्या टीममध्ये गेला आणि पगारी खेळाडू झाला. ज्याच्याबद्दल 'हा देशाकडून खेळंल' असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं, तो आता लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि वरातीत चंद्रभान दिसला की तोंड फिरवून घ्यायचा. पण मत चुकलं म्हणून मत देणंच सोडलं, तर माणसानं संध्याकाळी करायचं काय?

एक मत मात्र त्यानं वर्षानुवर्षं बदललं नव्हतं. नत्थूला आता बसवा.

नत्थू टीमचा बॅक, गोलीच्या पुढे उभा राहून अडवणारा. गिरणीत कामाला, अंगानं दणकट, बोलायला कमी. आणि चंद्रभानच्या बायकोचा, भागीरथाचा, धाकटा सख्खा भाऊ. दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा. ताट वाढलं जायचं आणि चंद्रभान सुरू व्हायचा.

"नत्थू, काल तुह्या डाव्या हातानं दोघं गेले. दोघं! तू डावीकडं वळतो ते मालगाडीनं रूळ बदलावा तसा. तवरक समोरचा घरी जाऊन चहा पिऊन येते."

नत्थू भाकरी मोडायचा. "हो भाऊजी."

"उजवीकडून कोनी नाई जाऊ शकत तुह्या. ते मानतो. पन डावी बाजू म्हंजे धरमशाळा झाली."

"हो भाऊजी. ताई, वरण दे थोडं."

"अवो, त्याले जेवू द्या ना," भागीरथा म्हणायची. "तुमाले काय, जोड्यात पाय घालून द्याचे. त्याले लाथा खा लागते."

हे असं चालायचं. त्यात राग नव्हता, द्वेष तर नव्हताच. चंद्रभान नत्थूला बसवा म्हणायचा आणि नत्थू खेळत राहायचा. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सुखानं नांदत होत्या. ज्या मताला कुणी विचारत नाही ते मत फार निरोगी असतं. त्याचं वय वाढत नाही.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. लीगच्या आधीचे दिवस, मे महिना उतरणीला लागलेला. क्लबचे सेक्रेटरी भैय्याजी दुपारी दुकानात आले, जोडे न काढता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चंद्रभान, यंदा आपल्याले एक फॉरवर्ड पाह्यजे. तुह्या नजरेत हाये काय कोनी?"

चंद्रभान स्टुलावरून जवळजवळ घसरला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी गंभीरपणे विचारलं नव्हतं. आणि नेमका त्याच्याकडे माणूस होता. कामठीचा हिरामण. मागच्या महिन्यात कॅनव्हासचे बूट घ्यायला आला होता. कामठीत पोरं चालायच्या आधी चेंडू मारतात. तिथल्या क्लबांत जागा मिळायला नशीब लागतं, म्हणून हा गडी नागपुरात कुठे लागतं का ते पाहत होता. त्याचा डावा अंगठा मांडीवर घेताच चंद्रभान चमकला. नख काळं, सांधा टणक, जुना डावा बूट उजव्याच्या दुप्पट झिजलेला. पुढच्या रविवारी नत्थूला ताटावर सोडून चंद्रभान कामठीला गेला आणि हिरामणला खेळताना पाहून आला. हिरामण डाव्या पायानं चेंडू असा न्यायचा की चेंडूला वाटावं आपण स्वतःच चाललोय.

हे सगळं त्यानं सांगितलं. भैय्याजींनी ऐकलं. मग म्हणाले, "ठीक हाये. पन जर्सी तेराच. नवा आला का जुना एक जाते. कोनाले बसवू?"

पंखा फिरत होता. चंद्रभानच्या हातात कुणाचा तरी एकटा बूट होता.

"तूच म्हनतो ना नेहमी," भैय्याजी म्हणाले. "नत्थूले बसवा."

"म्हनतो," चंद्रभान म्हणाला.

"मंग बस्स. हिरामण नत्थूवर उतरू दे. गेला त्याच्यापुढून, तर मधातल्या हाफवरच्या एकाले मागं बॅकले आनतो अन् नत्थू घरी. नाई गेला, तर पोट्टा वापस कामठीले."

तलाव इलेव्हनमध्ये ही जुनी रीत होती. लीगच्या आधी 'जुने-नवे' सामना व्हायचा. नव्या माणसाला ज्याच्या जागेवर यायचं त्याच्यावर तो उतरायचा, आणि हरलेल्या जुन्या माणसानं सामना संपताच आपली जर्सी स्वतःच्या हातानं नव्याला द्यायची. कमिटी काही ठरवत नसे, त्यामुळे भांडणंही होत नसत. एरवी चंद्रभानला ही रीत फार आवडायची.

घरी ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. भागीरथा भांडी घासत होती, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"भैय्याजीनं विचारलं," चंद्रभान दारातूनच म्हणाला.

"अन् तुमी सांगतलं."

"मी इतके वर्सं तेच तर सांगून राहिलो वं."

"इतके वर्सं कोनी ऐकत नव्हतं. मनून तर मी चूप होती." तिनं परात पालथी घातली. "सांजच्याले दोन तास त्या मैदानावर असते, मनून तो मानसात हाये. बायको गेल्यापासून घरात बोलाले कोनी नाई त्याले. हे तुमाले नाई दिसत, काहून का हे पायात नसते."

चंद्रभानला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण मत हे मत. दुसऱ्या दिवशी हिरामण दुकानात येऊन 'जयभीम काका' म्हणाला, तेव्हा चंद्रभाननं त्याला बाजूला नेऊन नत्थूचा सगळा पाढा वाचला. "त्याच्या डाव्या हातानं जाजो. उजवीकडं पाहूच नको. डावीकडं तो वळेवळेतो तू गोलात."

"पन काका, मी माह्या डाव्या पायाचा. त्याच्या डाव्या हातानं जाचं म्हंजे मले उजव्या पायावर घ्या लागंन."

"घे ना मंग! मी त्याले तू पैदा व्हायच्या आधीपासून पाहून राहिलो."

सामन्याच्या संध्याकाळी बांध भरला होता. खाली धूळ, वर आभाळ पितळेच्या भांड्यासारखं तापलेलं. नत्थू मैदानात उतरताना बांधाजवळून गेला. "येतो भाऊजी," म्हणाला, जसं काही रविवारच्या जेवणाला निघालाय.

शिट्टी झाली. थोड्या वेळात हिरामणला पहिला चेंडू मिळाला. त्यानं सांगितल्याप्रमाणे चेंडू उजव्या पायावर घेतला आणि नत्थूच्या डाव्या बाजूला घुसला. नत्थू तिथे आधीच उभा होता. त्यानं चेंडू काढून घेतला, शांतपणे, ताटातली मिरची बाजूला काढावी तसा.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. हिरामण वळायच्या आधी नत्थू डावीकडे सरकलेला. लोक ओरडायला लागले. "अरे वा रे नत्थू! म्हातारा जवान झाला बे!" आणि मग बांधावरून टोमणे आले, थेट चंद्रभानकडे. "काय गा चंद्रभान, मालगाडी आज येळेवर हाये!"

चंद्रभानला एकाएकी सगळं उमगलं होतं. नत्थूला चेंडू दिसतच नव्हता, त्याला चंद्रभान दिसत होता. रविवारमागून रविवार, भाकरी मोडता मोडता, तो ऐकत होता. आज समोर जो माणूस येईल त्याला चंद्रभाननं काय शिकवलं असेल, हे या मैदानावर एकट्या नत्थूला पाठ होतं. म्हणून तो वळतच नव्हता. आधीच डावीकडे जाऊन उभा राहत होता. आणि त्याची उजवी बाजू, जिथून आजवर कुणी गेलं नव्हतं, ती सताड उघडी पडली होती. हिरामणच्या डाव्या पायासमोर.

हे बांधावर कुणाला दिसत नव्हतं. भैय्याजींनाही नाही.

हाफटाइम झाला. हिरामण धापा टाकत बांधाखाली येऊन बसला. त्यानं डोक्यावर पाणी ओतलं. "काका, तुमी म्हनलं तसंच करून राहिलो. पन तो बुवा पह्यलेच उभा राह्यते. मले काय समजूनच नाई राहिलं."

चंद्रभाननं मैदानाकडे पाहिलं. पलीकडच्या टोकाला नत्थू गुडघ्यावर हात टेकून उभा होता आणि कुणीतरी त्याची पाठ थोपटत होतं. काही न बोलणं अगदी सोपं होतं. नत्थू टीममध्ये राहील. भागीरथा उद्या भांडी हळू घासेल. पोरगा कामठीला परत जाईल, आणि लोक म्हणतील चंद्रभानचं आणखी एक मत चुकलं. त्याची तर सवयच होती. फक्त पोराचा तो डावा पाय पुन्हा कुठल्या तरी गल्लीत झिजत राहील. चंद्रभाननं ओठ मिटून घेतले. घट्ट मिटून घेतले. शिट्टी व्हायला आली.

"हिरामण," तो म्हणाला.

"जी काका."

"मी जे सांगतलं ते सारं इसर. तुह्या डाव्या पायानं जा. त्याची उजवी बाजू उघडी हाये."

दुसऱ्या हाफमध्ये हिरामण पहिल्यांदा डाव्या पायानं आत शिरला तेव्हा नत्थू डावीकडेच उभा होता. वळला, पण उशीर झाला होता. गोल. नत्थूनं लगेच बांधाकडे पाहिलं, हिरामणकडे नाही. त्यानंतर तो उजवीकडे आला, तर हिरामण त्याच्या डावीकडून गेला. मग मधे उभा राहिला, तर दोन्हीकडून. शेवटी शेवटी नत्थू नुसता पळत होता, पळता येतं म्हणून. चंद्रभानला आरडाओरडा करायचा होता आणि कुणाच्या नावानं करायचा ते कळत नव्हतं. एकदा त्याच्या तोंडून "नत्थू, मागं!" असं निघालं आणि शेजारच्यानं चमकून पाहिलं.

सामना संपला. नत्थूनं जर्सी काढली, उलटी झालेली बाही सरळ केली आणि हिरामणच्या हातात दिली. हिरामण वाकून त्याच्या पाया पडला. भैय्याजी टाळ्या वाजवत होते. चंद्रभान सायकलचं कुलूप उघडायला गेला.

"भाऊजी."

नत्थू मागे उभा होता, खांद्यावर टॉवेल. तो बांधावर बसला. चंद्रभानलाही बसावं लागलं. बाकीचे पांगत होते. तलावात एक म्हैस नाक वर काढून निवांत पडली होती.

"हाफटाइमले काय सांगतलं तुमी त्याले?"

खोटं बोलायला वेळ होता. चंद्रभाननं तो वापरला नाही. "सांगतलं का मी जे बोललो ते इसर."

नत्थूचे खांदे हलायला लागले. चंद्रभान घाबरला, पण तो हसत होता. "हे सगळ्या टीमलेच सांगाले पाह्यजे होतं, भाऊजी. आपन कवाचे चॅम्पियन झालो असतो."

"राग नाई आला तुले?"

"आला ना. आला तर." नत्थूनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. "पोट्टा भारी हाये. मले त्याचा पाय दिसलाच नाई." मग टॉवेलाआडूनच म्हणाला, "उद्या गिरणी सुटल्यावर मी काय करू गा, भाऊजी?"

चंद्रभाननं नत्थूच्या पायांकडे पाहिलं. रुंद, धुळीनं भरलेले, एका बोटाला बांधलेली चिंधी सुटलेली. पायात उत्तर नव्हतं.

"इथं बसत जा," तो शेवटी म्हणाला.

"इथं बसून काय करू?"

"बोलाचं."

"मले नाई येत बोलाले."

"त्याले काय लागते? समोर पाहाचं अन् जे वाटंन ते बोलाचं. आता सांग, आपला गोली कसा वाटते तुले?"

नत्थूनं विचार केला. कितीतरी वर्षं तो त्या गोलीच्या पुढे उभा राहून खेळला होता. "चांगला हाये," तो म्हणाला. "येकदम चांगला. टीममदला सगळ्यात भरवशाचा मानूस तोच."

"तो?" चंद्रभान ताडकन उठला. "डोळे मिटून चेंडू पकडते तो!"

"कुठं मिटते? तुमाले इथून काय दिसते, भाऊजी?"

"मले इथून सारं दिसते!"

"काई नाई दिसत. मी त्याच्या पुढं होतो."

दोघं सायकल हातात धरून घराकडे निघाले. रस्त्यात दिवे लागत होते. भागीरथाला ते दारातून दिसण्याच्या बरंच आधी ऐकू आले. तिनं तव्यावर आणखी भाकरी टाकल्या.