पहिल्या दांड्यावरून

हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड चांदीची कांब घ्यायची, तिच्यावर सोन्याचं पान चढवायचं आणि भट्टीत ताव देऊन दोन्ही एकजीव करायचं. आमच्या धंद्यात तिला पासा म्हणतात. हा पासा मग जंतरातून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढायचा. आधी मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. ओढता ओढता तो बोटाएवढा होतो, सुतळीएवढा होतो आणि शेवटी केसाहून बारीक तार उरते. सोनं मात्र तिला सोडत नाही. मामांनी मला पहिल्यांदा कारखान्यात नेलं तेव्हा ते म्हणाले होते, "ही तार सरळ धरली ना, तर असीरगडाला जाऊन परत येईल." मी बाहेर येऊन गडाच्या दिशेला बराच वेळ बघत राहिलो होतो. आता माझे केस पिकायला लागलेत, पण तारेचं ते नवल कमी झालेलं नाही. मामांचं तर नाहीच.

सुरुवातीच्या ओढींना माणसं लागतात. पाशाचं निमुळतं टोक चिमट्यात धरतात, चिमट्याला साखळी असते आणि साखळी लाकडी रहाटावर गुंडाळली जाते. रहाटाचे आडवे दांडे छातीशी घेऊन गडी गोल फिरतात. मुकादम जंतरापाशी बसतो, बाहेर येणाऱ्या तारेवर तळहात ठेवून. सोन्याची साल उचलली, ओढ अडखळली, तर त्या हाताला आधी कळतं. तो "बस" म्हणाला की सगळ्यांनी थांबायचं. आणि नवा पासा लावला की पहिल्या दांड्यावरच्या गड्याने विचारायचं, "मुकादम, घेऊ का?" मुकादमाने म्हणायचं, "घ्या." त्याशिवाय रहाट हलत नाही. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नाही, पण सरकारी टांकसाळीतून तपासणीला येणारा गोरा साहेबसुद्धा त्या दोन शब्दांपुरता गप्प उभा राहायचा.

पहिल्या दांड्यावर माझे मामा होते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, चार इयत्ता शिकवलं आणि या कामाला लावलं. म्हाताऱ्या मुकादमाची नजर गेली तेव्हा ती जागा मामांची, हे सगळे धरूनच चालले होते. कारखान्याच्या मालकांनी, शेठनी, मात्र मला बोलावलं.

"तुझ्या मामांचं वय झालं," शेठ म्हणाले. "पासा चाचपत बसतात. बाजारात विलायती जर आली आहे, मला चटपट काम पाहिजे. उद्यापासून मुकादम तू."

मी "जी, शेठ" म्हणालो. आधी मामांना विचारा, एवढं मला म्हणता आलं असतं. शेठनी ऐकलं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण त्यांनी ऐकू नये असंच मला तेव्हा वाटत होतं, हेही खरं आहे.

संध्याकाळी घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. मामी म्हणाली, "या, मुकादम. पाट कुठला देऊ, चांदीचा?"

"भाकरी वाढ," मामा म्हणाले. "चांदी दिवसभर बघतोच आम्ही."

मामा रोजच्यासारखे जेवले. मी अर्ध्या भाकरीवर उठलो.

सकाळी मी जंतरापाशी बसलो. पाशाला मेण लावून झालं होतं. मागच्या दांड्यावरचा एक गडी शेजाऱ्याला म्हणाला, पण मला ऐकू येईल असं, "काल मामाच्या मांडीवर, आज मामाच्या डोक्यावर." मामांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि आपल्या जागी येऊन दांडा छातीशी धरला.

मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी विचारलं नसतं तर रहाट हलला नसता. भांडण नाही, बोलणं नाही. मला तिथून उठावं लागलं असतं, आणि एकदा उठलो असतो तर त्या माणसांसमोर पुन्हा कधी बसता आलं नसतं. त्यांना दोष देण्याची माझी छाती झाली नसती.

"मुकादम, घेऊ का?"

म्हाताऱ्या मुकादमाला विचारायचे त्याच आवाजात. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"मेण वाळतंय, मुकादम," मामा म्हणाले. "तोंडात सुपारी आहे का?"

गडी हसले. त्या हसण्याच्या आडोशाने मी "घ्या" म्हणालो, आणि रहाट करकरत फिरू लागला.

दुसऱ्याच ओढीला माझ्या तळहाताखाली काहीतरी खरखरलं. साल उचलली असं वाटून मी ओरडलो, "बस." मामा जागच्या जागी थांबले. बाकीचे त्यांच्या पाठीवर आदळल्यासारखे थांबले. मी वाकून पाहिलं. मेणात वाळूचा कण होता, इतकंच. अर्ध्यात ओढ थांबली की तारेवर वळ उठतो, तसा उठला, आणि तो घालवायला काम वाढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मुकादमांचा हात फार नाजूक आहे." मामांनी मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

दुपारी आम्ही दोघं तापीच्या घाटावर हातपाय धुवायला गेलो. मी विचारलं, "मामा, तुम्हाला कळलं होतं ना, काही झालेलं नाही ते?"

"दांड्यावर ओढ कळते मला. साल उचलली नव्हती."

"मग थांबलात कशाला?"

"तू बस म्हणालास."

"पण ते चुकीचं होतं."

ते पायरीवर पाय घासत होते. "आज तू चुकलास म्हणून मी चालत राहिलो असतो, तर ही पोरं मला बघून चालत राहिली असती. मग तू बरोबर असशील त्या दिवशी कोण थांबेल?" मग म्हणाले, "उद्यापासून मेण गाळून घे. वाळू फार येते."

शेठविषयी, जागेविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि मेणाबद्दलच काहीतरी बोललो. ती माफी अजून मागायची राहिली आहे, आणि आता ती ऐकायला मामा नाहीत. पुढेही माझ्या हातून चुका झाल्या. प्रत्येक वेळी मामा आधी थांबले, आणि हळूहळू बाकीचे त्यांच्याकडे न बघताच थांबायला लागले.

त्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. नव्या पाशाची पहिली, सगळ्यांत जड ओढ चालू होती. हात तारेवर होता, पण नजर वर गेली, आणि चिमट्यापाशी साखळीची एक कडी तोंड उघडताना दिसली. साखळी ताणलेली होती, आणि तिच्या रेषेत पहिला दांडा येत होता.

"बस."

सगळे एका पावलात थांबले आणि दांडे मागे सैल सोडले. मला नाजूक हाताचा म्हणणारा गडीसुद्धा. ताण उतरला, आणि मग ती कडी आपसूक उघडून मामांच्या पायापाशी जमिनीवर पडली. आवाज फार थोडा झाला. ताणात तुटली असती तर ती साखळी मामांच्या छातीवर आली असती, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मामांनी कडी उचलली, उलटसुलट पाहिली आणि कोपऱ्यात टाकली. "दुसरी आणा रे," म्हणाले. नवी कडी बसवली, चिमटा लागला. त्यांनी पुन्हा दांडा छातीशी घेतला.

"मुकादम, घेऊ का?"

मी तळहात पुन्हा तारेवर ठेवला. त्या पहिल्या सकाळसारखाच आवाज फुटेना. या वेळी मात्र कुणी हसलं नाही, सुपारीचं कुणी काढलं नाही. मेण वाळत होतं, आणि सगळे गडी छातीशी दांडे धरून, मी बोलेपर्यंत उभे राहिले.